वाचक विचारतात: ऑफिसात मसाज, पण मान परत तीच

मागच्या अंकात उत्तरायणच्या निमित्ताने मानेबद्दल लिहिलं होतं, दोन दिवस गच्चीवर पतंग बघत मान वर करून उभं राहिलं की तिसऱ्या दिवशी काय होतं ते, आणि मला वाटलेलं पत्रं पतंगाबद्दलच येतील, पण बहुतेक सगळी आली ती ऑफिसबद्दल. पतंगाची मान आठ दिवसांत सुटते हो ताई, पण नोकरीची मान वर्षानुवर्षं सुटत नाही, असं वाघोडिया रोडच्या एका काकांनी लिहिलंय आणि ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. बऱ्याच जणांचा प्रश्न मालिशबद्दल आहे, कारण बडोद्यात आता काही कंपन्या महिन्यातून एकदा मसाजवाल्यांना ऑफिसात बोलवायला लागल्यात. मी गेली बावीस वर्षं फिजिओथेरपी करतेय, हाताने माणसं बरी होताना रोज बघते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. सहा पत्रं निवडलीयत, नावं अर्थातच दिलेली नाहीत.

ताई, मी ३४ वर्षांची, गोत्रीला राहते, एका कंपनीत अकाउंट्सच्या बॅक ऑफिसला आहे. काम अमेरिकेच्या वेळेप्रमाणे, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला लॉगिन आणि रात्री तीनला गाडी घरी सोडते, महिनाअखेर असली की शनिवारही. सहा महिन्यांपासून एचआरने दर महिन्याला चेअर मसाज सुरू केलाय, खुर्चीत उलटं बसायचं, तोंड त्या गोल उशीत, आणि कपड्यांवरूनच पंधरा मिनिटं मान, खांदे, पाठ. पहिल्या वेळी मला तिथेच रडू आलं, का ते मलाच कळलं नाही, इतकी लाज वाटली. पण दोन दिवस बरं वाटतं आणि मग मान परत दगड. नवरा म्हणतो हे सगळं मनाचे खेळ आहेत, कंपनी तुमच्या कोपराला गूळ लावतेय. खरंच काही फायदा असतो का? आणि महिन्यातून एकदा पुरतं का?

आधी रडण्याचं बोलू, कारण तुम्ही ते लाजत लाजत लिहिलंय. माझ्या टेबलवर आठवड्यातून एखादं तरी माणूस रडतं, मोठमोठे मिशीवाले पुरुषसुद्धा. महिनोन् महिने खांदे कानापर्यंत उचलून काम करायचं, कुणी विचारत नाही, आणि एकदम एक हात येतो जो तुमच्याकडून काहीच मागत नाही, ना रिपोर्ट ना टार्गेट, तेव्हा शरीर सैल पडतं आणि त्याच्याबरोबर बाकीचंही सुटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही किती ताणून धरलं होतं एवढंच त्यातून कळतं.

आता फायद्याचं. मनाचे खेळ नाहीत हे. तुमचं डोकं साधारण पाच किलोचं असतं, ते सरळ असताना मणके ते आरामात पेलतात, पण स्क्रीनकडे किंवा मोबाइलकडे झुकलं की भार वाढत जातो, ६० अंश झुकलं तर मानेवर २७ किलोच्या आसपास भार येतो असा हिशोब एका अमेरिकन मणक्याच्या सर्जनने २०१४ मध्ये मांडला होता. त्यात टेन्शन असलं की आपण नकळत खांदे वर खेचतो, मानेच्या मागून खांद्यापर्यंत जाणारा ट्रॅपेझियस स्नायू तासन् तास अर्धवट आखडलेला राहतो, धड काम नाही धड आराम नाही, आणि मग त्यात त्या दुखऱ्या गाठी तयार होतात ज्या दाबल्या की डोक्यापर्यंत कळ जाते. चांगल्या हाताने संथ दाब दिला की तो स्नायू सैल होतो, श्वास खोल जातो, नाडीचे ठोके कमी होतात, आणि हे मोजता येतं.

मायामी विद्यापीठातल्या स्पर्शावर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९९६ मध्ये नेमकं तुमच्यासारखंच करून बघितलं होतं, २६ जणांना पंधरा मिनिटांचा चेअर मसाज, आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे, आणि दुसऱ्या २४ जणांना त्याच खुर्चीत तेवढाच वेळ नुसतं निवांत बसवलं. मसाजवाल्यांची भीती-काळजी कमी झाली, गणितं ते जास्त पटकन आणि बरोबर सोडवायला लागले, आणि पाच आठवड्यांनी कामाचा ताण त्यांच्याच गटात कमी निघाला. पण मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, नुसतं बसलेल्यांचाही मूड सुधारला होता! म्हणजे पंधरा मिनिटं कुणी त्रास न देता बसू दिलं, एवढ्यानेही माणसाला बरं वाटलं. पुढे २००४ मध्ये अशा ३७ अभ्यासांचा एकत्र हिशोब केला गेला, त्यातही एका मसाजने त्या वेळची अस्वस्थता आणि बीपी कमी होतं आणि बरेच सेशन घेतले तर मुळातली काळजी करण्याची सवय आणि उदासीसुद्धा कमी होते असं दिसलं.

मात्र मसाजवाले जे बाकीचं सांगतात ते सगळं खरं धरू नका. टॉक्सिन बाहेर पडतात, लॅक्टिक ॲसिड निघून जातं, हे मी माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून ऐकतेय आणि त्याला आधार नाही. स्ट्रेस हार्मोन म्हणजे कॉर्टिसॉल झपाट्याने उतरतं हेही फार वाढवून सांगितलं जातं, त्या मायामीच्या अभ्यासात ते फक्त पहिल्या दिवशी उतरलेलं दिसलं होतं. बरं वाटणं खरं आहे, त्याला खोट्या कारणांचा टेकू कशाला.

महिन्यातून एकदा पुरतं का, तर नाही. आणि आता तुमच्या नवऱ्याच्या म्हणण्यातलं अर्धं खरं मला मान्य करावं लागतंय. साडेपाच ते तीन म्हणजे साडेनऊ तास, त्यात शनिवार धरला की आठवड्याला ५५ ते ५७ तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा, स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त असतो. ह्याला पंधरा मिनिटांचा मसाज कसा पुरणार? तुम्ही एक करा, एक महिना रोजची लॉगिनची आणि खरी उठण्याची वेळ एका वहीत लिहा, मान कधी धरते तेही शेजारी लिहा, आणि तो कागद घेऊन एचआरकडे जा, तक्रार म्हणून नको, त्यांनीच मसाज सुरू केलाय ना, म्हणजे त्यांना तुमच्या तब्येतीची काळजी आहे असं धरून बोला. बोलायला सोपं जातं.

तोपर्यंत दर पाऊण तासाने उठायचं, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणायची, लॅपटॉप असेल तर खाली जाड पुस्तकं किंवा खोका ठेवून वेगळा कीबोर्ड जोडायचा, आणि रात्री घरी आलं की मोबाइल घेऊन लगेच आडवं नाही व्हायचं. आणि मसाज सोडू नका हं. मिळतोय तो घ्या.

नमस्ते ताई. मी ५१, मकरपुरा जीआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर, दिवसभर उभंच राहावं लागतं, शेठचा फोन आणि वर्करची कटकट दोन्ही मध्ये मीच. दर रविवारी सलूनला दाढी झाली की चंपी करून घेतो आणि शेवटी तो भाई मान दोन्ही बाजूला कट्कन मोडतो, तेव्हा सगळा आठवडा उतरल्यासारखं वाटतं. पण मुलीने मोबाइलवर काही व्हिडिओ बघितला आणि आता घरात रोज भांडण. शुगर आहे, गोळी चालू. घरी बायको गरम तेलाने पायही चोळते. मुलगी बरोबर की मी?

मुलगी बरोबर, काका. चंपी जरूर करा, पण मान मोडणं ह्या रविवारपासून बंद, हात जोडून सांगते.

मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, आणि त्या मणक्यांमधल्या बारीक भोकांतून जातात. मान झटक्याने फिरवली की त्या वाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे रक्त गोठतं आणि तो गोळा मेंदूत जाऊन लकवा होऊ शकतो. रोज होत नाही हे खरं, हजारो लोक मान मोडून घेतात आणि काही होत नाही, पण ज्याला होतं तो चाळिशीतला, पन्नाशीतला, घर चालवणारा माणूस असू शकतो, आणि तो कट्ट आवाज आरामाचा नसतोच मुळी, सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा तयार होतो त्याचा आवाज असतो. त्याने ना मणका जागेवर बसतो ना नस मोकळी होते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, मान मोडून घेतल्यावर दुसऱ्या दिवसापासून एका हाताची पकड गेलेली, कप धरता येईना, त्यांना परत स्कूटर चालवायला आठ महिने लागले. मान मोडल्यानंतर चक्कर, बोलताना जीभ जड होणं, दोन दोन दिसणं, डोक्याच्या मागे कधी न झालेलं दुखणं, ह्यातलं काही झालं तर झोपून बघू असं करायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

सलूनवाल्या भाईचं मन दुखेल ह्याची काळजी वाटत असेल तर सांगा डॉक्टरने मना केलंय, तो समजून घेईल. डोक्याची चंपी, कानामागे बोटं फिरवणं, खांद्याचे मांसल भाग दाबणं हे सगळं करू द्या, त्याचा हात चांगला असणार म्हणूनच तुम्ही इतकी वर्षं जाता.

पायाचं मात्र ऐका, हे मानेइतकंच महत्त्वाचं. शुगरमुळे हळूहळू तळपायाची जाणीव कमी होते, आपल्याला कळत नाही. तेल किती गरम आहे ते बायकोच्या हाताला कळतं, तुमच्या पायाला कळेलच असं नाही, आणि भाजलं तर जखम भरायला महिने जातात. म्हणून तेल कोमटच, आधी वहिनींनी स्वतःच्या मनगटावर बघायचं, बोटांच्या बेचक्यात तेल राहू द्यायचं नाही, चोळताना चीर, फोड, कातडीचा रंग बदललेला दिसला तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि एकाच पोटरीला सूज, गरम, लाल, दाबल्यावर दुखतंय असं असेल तर मालिश अजिबात नाही, ती रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. नवरात्रात गरबा करून दोन्ही पोटऱ्या दुखतात ते वेगळं आणि हे वेगळं.

मशीनपुढे जाड रबरी मॅट मागा शेठकडे, आणि एक पाय आळीपाळीने चार-पाच इंच उंच पाटावर ठेवून उभं राहा. कमरेला लगेच फरक कळतो.

तेल कुठलं वापरावं? तीळ, खोबरेल, मोहरी का ते महागडं मसाज ऑइल? (कारेलीबागहून)

थंडीत तिळाचं, मे महिन्यात बडोद्याच्या उकाड्यात खोबरेल. जे कातडीला खाजवत नाही ते चांगलं. हात आणि वेळ ह्यांनी काम होतं, बाटलीने नाही. आयुर्वेदात रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितलाय आणि त्यातही डोकं, कान आणि पाय ह्यांना विशेष, तर रोज सगळं अंग जमत नसेल तर झोपताना एवढ्या तीन जागा करा. अपचन झालेलं असताना किंवा ताप असताना करू नका.

मी २६ वर्षांची आहे, अलकापुरीत नोकरी. आमच्याकडे वेलनेस डे असतो, त्यात मसाज. करणारे बहुतेक पुरुष असतात आणि सगळं कॉन्फरन्स रूममध्ये काचेच्या आड, सगळे येता-जाता बघतात. मला अनोळखी माणसाने हात लावलेला आवडत नाही. मी नाही म्हटलं तर टीम लीडर सगळ्यांसमोर म्हणाले, अरे ही फारच ऑर्थोडॉक्स आहे, फ्री आहे तरी घेत नाही, आणि आता मेलमध्ये लिस्ट येते कोणी घेतला कोणी नाही. माझं चुकतंय का? सगळे म्हणतात एवढं काय त्यात.

नाही बाळा, तुझं काहीही चुकत नाहीये. आणि एवढं काय त्यात असं जे म्हणतात त्यांच्या शरीराबद्दल ते त्यांनी ठरवावं, तुझ्या शरीराबद्दल तू.

हे मी मालिशवर जीव असलेली बाई म्हणून सांगतेय. स्पर्शाचा फायदा तेव्हाच होतो जेव्हा शरीराला तो हवा असतो. नको असलेल्या हाताखाली स्नायू सैल पडतच नाहीत, उलट आखडतात, श्वास वर अडकतो, छाती धडधडते, म्हणजे ज्या ताणासाठी हा सगळा खटाटोप तोच ताण वाढतो. मी स्वतः प्रत्येक पेशंटला प्रत्येक वेळी विचारते, इथे हात लावू का, दाब चालेल का, आणि वीस वर्षांपासून येणाऱ्या आजींनाही विचारते. जो विचारत नाही त्याच्या हातात कितीही कला असली तरी मी त्याच्याकडे कुणाला पाठवणार नाही.

करायचं काय? एचआरला छोटी मेल कर, साध्या भाषेत: मसाज घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, कोणी घेतला त्याची यादी टीमला पाठवू नये, बायकांसाठी बाई असावी, आणि जागा आडोशाची पण दार बंद न होणारी असावी. मसाज न घेणाऱ्यांना तेवढीच पंधरा मिनिटं मोकळी मिळावीत हेही लिही, वर पहिल्या उत्तरात सांगितलंच आहे की नुसतं निवांत बसूनही बरं वाटतं. आणि टीम लीडरचं ते सगळ्यांसमोरचं बोलणं कधी, कुठे, कोणासमोर झालं ते तारखेसकट लिहून ठेव. नको म्हटल्यावरही दबाव चालू राहिला किंवा बोलणं घसरलं, तर २०१३ चा कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. तिथपर्यंत जायची वेळ बहुतेक येणार नाही, पण दार कुठे आहे ते तुला माहीत असायला हवं.

मान दुखत असेल तर घरी आईकडून करून घे. किंवा टेनिसचा बॉल भिंत आणि पाठ ह्यांच्यामध्ये ठेवून हळूहळू वर-खाली सरक, कुणाचाही हात लागत नाही आणि खांद्याच्या फऱ्यामागची गाठ छान सुटते.

आमचं मंजुसरला छोटं युनिट आहे, ४० माणसं, त्यात १२ ऑफिसची. माझ्या मुलाचं म्हणणं की मोठ्या कंपन्यांसारखं आपणही मसाज सुरू करू, माणसं टिकतील. मला मराठी पेपरातून तुमचं लिखाण माहीत आहे म्हणून विचारतो, ह्यात दम आहे का, का नुसतं फॅड? आणि करायचं तर कसं?

साहेब, तुम्ही विचारलंत हेच मला फार आवडलं, कारण ४० माणसांच्या युनिटचा मालक मालिशबद्दल पत्र लिहितो असं मी पहिल्यांदा बघतेय.

फॅड म्हणाल तर बडोद्याला हे फॅड कधीच नव्हतं. आपल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न प्रोफेसर माणिकराव हाडं बसवायचे, अंग चोळून माणसं उभी करायचे, आणि त्यांच्याच हाताखाली १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं जो तरुण तयार झाला तो आपल्या डभोईत जन्मलेला, पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखला गेला आणि १९२४ मध्ये त्याने लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगाची संस्था काढली. माझे आजोबा तालमीत जायचे, कुस्ती झाली की एकमेकांची अंगं रगडून द्यायचे, जिंकलेला हरलेल्याची आणि हरलेला जिंकलेल्याची. ते सांगायचे की त्याशिवाय आखाडा पुरा झाला असं कुणी म्हणायचंच नाही. मेहनत आणि मालिश ही जोडी होती, मेहनतीनंतर शरीराची काळजी घेणं हा मेहनतीचाच भाग. कारखान्यात आपण मेहनत तेवढी ठेवली आणि दुसरा भाग सोडून दिला.

ही ऑफिसातली खुर्चीसुद्धा फार जुनी नाही. अमेरिकेत डेव्हिड पामर नावाच्या माणसाने ती तयार करून १९८६ मध्ये बाजारात आणली, आणि त्याचं शिक्षण जपानच्या अम्मा नावाच्या दाबाच्या पद्धतीत झालं होतं, कपड्यांवरून, तेलाशिवाय. जपानमध्ये हे काम शेकडो वर्षं प्रामुख्याने दृष्टिहीन माणसं करत आली. आपल्याकडेही दृष्टिहीनांना मसाजचं रीतसर शिक्षण देतात, आणि तुम्हाला असं शिकलेलं माणूस मिळालं तर त्याला आधी बोलवा, त्यांच्या बोटांना जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

पण सुरुवात मसाजने करू नका. पहिला आठवडा नुसते शॉप फ्लोअरवर उभे राहा आणि बघा, कोण वाकून उचलतंय, कुणाचं टेबल इतकं खाली आहे की दिवसभर कंबर वाकलेली, कुणाची खुर्ची मोडकी, पाणी किती लांब, पंखा कुठे पोचत नाही. मग प्रत्येकाला एकच विचारा, दिवसात तुझं अंग सगळ्यात जास्त कधी दुखतं. तुम्हाला उत्तरं मिळतील ती ऐकून तुम्ही थक्क व्हाल, आणि निम्म्या गोष्टी एखादा लोखंडी स्टँड वेल्ड करून, टेबल सहा इंच उंच करून सुटतात, तुमच्याच वर्कशॉपमध्ये होतात.

त्यानंतर मसाज आणा. दर पंधरवड्याला, कामाच्या वेळेत, जेवणाच्या सुट्टीत नाही, कारण जेवणाचा वेळ त्यांचाच आहे आणि भरल्या पोटी मालिश चांगलीही नाही. पहिला नंबर वर्करचा, ऑफिसच्या १२ जणांचा नंतर. हे मी मुद्दाम सांगतेय कारण सगळीकडे एसीत बसणाऱ्यांना मसाज मिळतो आणि पोती उचलणाऱ्याला कुणी विचारत नाही. मसाजवाला शिकलेला हवा, सुरू करण्याआधी त्याने प्रत्येकाला विचारायला हवं: बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी, नुकतंच ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, ताप, कातडीचा आजार, बाई असेल तर दिवस गेलेत का. आणि ही माहिती त्याच्यापाशीच राहिली पाहिजे, तुमच्या ऑफिसच्या फाइलमध्ये यायला नको, नाहीतर कुणी खरं सांगणारच नाही.

माणसं टिकतील का? ज्या मालकाने आपल्यासाठी टेबल उंच करून दिलं त्याला सोडून जायला माणूस दोनदा विचार करतो असं मी बघितलंय. पण त्यासाठी म्हणून नका करू, अंग त्यांचंही दुखतं म्हणून करा. आणि ओव्हरटाइमचे पैसे बाकी असतील तर मसाजच्या आधी ते.

ताई, हे छापा की नका छापू पण उत्तर द्या. माझे मिस्टर बँकेत आहेत, ४३. वर्षभरात बदली झाली, नवीन टार्गेट, वरचे साहेब रात्री अकराला मेसेज टाकतात. आधी घरी आले की रात्री दहाला मुलांना घेऊन सेव उसळ खायला जायचे, आता येतात आणि सोफ्यावर बसून राहतात, टीव्हीही लावत नाहीत. रात्री तीनला जागे. मी रोज त्यांच्या पायाला काशाची वाटी लावते, माझ्या सासूबाई लावायच्या तशी. आधी घोरायला लागायचे, आता गेल्या आठवड्यात म्हणाले, राहू दे, आता ह्याने काही होणार नाही, कशानेच काही होणार नाही. मी घाबरलेय. मालिशमध्ये माझं काही कमी पडतंय का?

ताई, तुमचं काहीही कमी पडत नाहीये. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

कामाने माणूस पार थकून जातो, कामाबद्दल तुटकपणा येतो, आपल्याकडून काहीच धड होत नाही असं वाटायला लागतं, ह्याला बर्नआउट म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या यादीत त्याची नोंद कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली. पण तुम्ही जे लिहिलंय, पहाटे तीनची जाग, आवडीच्या गोष्टी सुटणं, कशानेच काही होणार नाही हे वाक्य, ते त्याच्या पुढचं असू शकतं, ते डिप्रेशन असू शकतं, आणि त्याला डॉक्टर लागतो, जसा शुगरला लागतो तसाच. ह्यात तुमच्या हाताची परीक्षा नाही.

आज रात्री त्यांना सरळ विचारा, जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला सुटल्यासारखं होतं. हो म्हणाले, किंवा गप्प राहिले, तर त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला बोलवा, औषधं आणि तसल्या वस्तू हाताशी ठेवू नका आणि लगेच हॉस्पिटलला न्या, सयाजी हॉस्पिटल चोवीस तास उघडं असतं. नाही म्हणाले तरी ह्याच आठवड्यात मानसोपचार तज्ज्ञांची वेळ घ्या, तुम्ही स्वतः फोन करून घ्या, कारण ते घेणार नाहीत, आणि सोबत जा. मधल्या वेळात १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलतात आणि गुजरातीतही. तुम्ही स्वतःसाठी म्हणूनही लावू शकता, वर्षभर तुम्हीही एकटीने सोसलंय.

रात्री अकराचा मेसेज हा मालिशने सुटणारा प्रश्न नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन काही दिवस रजा, आणि तेवढे दिवस फोन तुमच्याकडे. बँकेतल्या युनियनमध्ये ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्या कानावर घाला, बदलीचं आणि टार्गेटचं तिथून कधी कधी मार्गी लागतं.

आणि काशाची वाटी बंद करू नका. फक्त एक बदल करा, झोप लागावी म्हणून लावू नका, नाहीतर झोप लागली नाही की तुम्ही दोघं हरल्यासारखे होता. दहा मिनिटं डावा तळवा, दहा मिनिटं उजवा, तूप थोडंसंच, बोलले तर ऐकायचं, नाही बोलले तरी चालेल. डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला पुन्हा लिहा, पाकिटावर कोपऱ्यात वाटीचं चित्र काढा म्हणजे मी ते सगळ्यात आधी उघडीन.